शनिवारची सभा

बीड शहर मागे टाकून सोलापूरकडे निघालेली सडक पालीजवळ बिंदुसरेच्या धरणावरून पुढे सरकते आणि घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर येते, तेथे मांजरसुंबा हे गाव आहे. उत्तरेस बीड, गेवराई व औरंगाबाद. पश्चिमेस पाटोदा, जामखेड व नगर. दक्षिणेस चौसाळा, येरमाळा व सोलापूर. पूर्वेस नेकनूर, केज व अंबाजोगाई, अशा चार मुलखांच्या वाटा येथे एकमेकींस छेदतात. जवळच कपिलधारेस मन्मथस्वामींची समाधी असून कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला वीरशैव भाविकांचे थवे याच सडकांनी येतात. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील बालशिक्षणाचा, म्हणजे ज्या संस्थेला आमचे आजे शब्बाथ शाळा म्हणत आणि आता सारे सर्रास संडे स्कूल म्हणतात तिचा, पूर्वेतिहास ज्याला एका जागी उभे राहून आठवावयाचा असेल, त्याने या फाट्यावर उभे राहावे, असे मला वाटते. कारण त्या इतिहासातील नगर, जालना व सोलापूर ही मोठी ठाणी येथून फुटणाऱ्या वाटांच्याच टोकांना वसलेली आहेत. मला येथे सांगावयाची आहे ती हकीकत मुलांची नाही, मुलांना शिकविणारांची आहे. दरमहा पगार नाही, सरकारदरबारी सनद नाही, आठवड्याचे सहा दिवस शेतात, भात्यावर किंवा शिवणयंत्रावर जातात, आणि सातव्या दिवशी वीस-पंचवीस मुलांपुढे उभे राहावयाचे; अशा माणसाला शिकवावयास कोणी शिकविले, आणि तो खचला तेव्हा त्याला कोणी सावरून धरले, हा माझा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर मी प्रथम पुस्तकात वाचले नाही, ऐकले. बालाघाटावरील एका लहानशा गावी आमच्या मंडळीचे मंदिर म्हणजे शहाबादी फरशीची एक लांबट खोली होती, आणि शनिवारी दिवेलागणीनंतर त्या खोलीत कंदील ठेवून शिक्षकांची तयारीची सभा बसत असे. सभेला चार-पाचच माणसे असत: एक सुतार, प्राथमिक शाळेतील एका मास्तरांची पत्नी, सातवी उत्तीर्ण झालेली एक मुलगी, आणि एक वयस्क मावशी, जिला अक्षरओळख जेमतेम होती. रिवाज असा की, उद्याचा पाठ प्रथम मोठ्याने तीनदा वाचावयाचा, मग पुस्तक मिटावयाचे आणि एकाने तो इतरांना, ती जणू मुलेच आहेत असे समजून, सांगावयाचा; ऐकणारांनी मुले विचारतील तसे प्रश्न विचारावयाचे; आणि ज्या प्रश्नाशी सांगणारा अडखळेल तो प्रश्न हजेरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवावयाचा. पाळकसाहेब भिंतीशी बसून असत, पण शेवटची प्रार्थना येईतो बहुधा बोलत नसत. एकदा हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त चालला असता त्या सुताराने मावशीला विचारले, ‘‘मावशी, एकाला शोधायला गेला खरा, पण बाकीची नव्व्याण्णव रानात कुणाच्या भरवशावर सोडली त्यानं?’’ मावशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘अरे बाबा, धनगर एकटा कधी रानात असतो का? शेजारच्या धनगराला म्हणला असंल, जरा माझ्या मेंढरांकडं बघ, आलोच.’’ वहीच्या शेवटच्या पानावर त्या दिवशी काही लिहावे लागले नाही. पुढे अनेक पंडितांची भाष्ये मी वाचली; परंतु ज्या डोंगरात धनगरांचे वाडे शेजारी शेजारी पडतात त्या डोंगरातील त्या बाईने दिलेले उत्तर मला अद्यापि अधिक समाधानकारक वाटते, आणि शिक्षकांच्या परस्पर-साहाय्याविषयी मला जे काही म्हणावयाचे आहे ते सारे त्या उत्तरातच आहे.

या संस्थेचा उगम इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरी, 1780 साली, रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्रकाराच्या प्रयत्नातून झाला, हे सर्वश्रुत आहे. आठवडाभर कारखान्यांत राबणाऱ्या मुलांना रविवार तेवढा मोकळा, म्हणून त्या दिवशी त्यांना वाचन व धर्मप्रश्नोत्तरे शिकविण्याकरिता रेक्सने मजुरी देऊन बाया नेमल्या. चळवळ पसरली तशी ही मजुरी बंद पडली आणि विनावेतन शिकविणारांची परंपरा सुरू झाली. खर्च वाचला आणि उत्साह वाढला हे खरे, पण त्याच क्षणी शिक्षकाच्या तयारीचा प्रश्नही उत्पन्न झाला, कारण वेतन घेणाराला जाब विचारता येतो, स्वेच्छेने आलेल्या माणसाला तो कसा विचारावा? अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर जॉन व्हिन्सेंट नावाच्या मेथडिस्ट पाळकाने शोधले. 1872 साली इंडियानापोलिस येथील परिषदेत सर्व शाळांनी एका रविवारी एकच पाठ घ्यावा असा ठराव झाला, आणि 1874 च्या ऑगस्टात व्हिन्सेंट व ल्युइस मिलर यांनी न्यूयॉर्क संस्थानातील शटॉक्वा सरोवराच्या काठी रविवारच्या शाळांतील शिक्षकांचे पहिले शिबिर भरविले. पाठ एकच झाल्याने एका गावच्या शिक्षकाची अडचण ती दुसऱ्या गावच्या शिक्षकाचीही अडचण झाली, आणि निरनिराळ्या पंथांच्या माणसांना एकत्र बसून बोलावयास प्रथमच एक समान विषय मिळाला. आठवड्याची तयारीची सभा हा चांगल्या शाळेचा अविभाज्य भाग मानण्याचा प्रघात त्याच सुमारास रूढ झाला. हिंदुस्थानात 1876 साली अलाहाबादेस भारतीय रविवार शाळा संघ स्थापन झाला, आणि 1890 पासून त्याचे कार्यवाह झालेले डॉ. जे. एल. फिलिप्स यांनी 1895 मध्ये मृत्यू येईपर्यंत या कामासाठी सारा देश पालथा घातला.

आता पश्चिमेची वाट धरू. 1831 च्या डिसेंबरात अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे केले. 1827 साली मुंबईस आलेल्या मिस सिंथिया फरार 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा पाहू लागल्या. आणि 1842 साली तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. स्वतःची शाळा काढण्यापूर्वी आपण फरारबाईंच्या शाळा पाहिल्या होत्या, असे जोतीराव फुल्यांनीच सांगितले आहे, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे पाठ त्यांच्याकडे घेतले असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. महाराष्ट्रात स्त्रीने स्त्रीला शिकवावयास शिकविण्याची ही आरंभीची पावले ज्या गावी पडली, त्याच गावी रविवारच्या शाळांची शिक्षिकाही घडावी, यात मला विशेष संगती दिसते. 1878 मध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले. परंतु त्या विद्यालयापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती खेड्यांतील शिक्षकांच्या मासिक सभेची पद्धत. दूरदूरच्या मौज्यांत महारवाड्यात किंवा मांगवाड्यात एकटा राहणारा मिशनचा शिक्षक, ज्याला सवर्ण वस्ती जवळ करीत नाही आणि स्वतःच्या वस्तीतील जुने लोकही संशयाने पाहतात, तो महिन्यातून एकदा मुख्य ठाण्याला चालत येई. रविवारच्या शिक्षकासारखा तो बिनपगारी नव्हता, म्हणून पगार घेई, केलेल्या कामाचा दाखला देई, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या एकाकी माणसांत दिवस काढी. साहेबांच्या अहवालांत या सभेतील परीक्षेला व तपासणीला मोठे स्थान मिळाले आहे. माझा तर्क असा की, त्या शिक्षकांना बळ मिळाले ते परीक्षेने नव्हे, तर परीक्षेच्या आदल्या रात्री एका ओसरीवर शेजारी शेजारी अंथरूण टाकून केलेल्या गोष्टींनी मिळाले. कागदोपत्री ज्याची नोंद होत नाही असे पुष्कळ काही संस्थांना जगवीत असते.

या शिक्षकांच्या हाती साधने काय होती? प्रश्नोत्तरावली होती, इंग्रजी चालींवर बसविलेली गीते होती, आणि परदेशातून येणाऱ्या रंगीत चित्रांच्या गुंडाळ्या होत्या, ज्या खुंटीला टांगून एकेक चित्र उलगडावयाचे. 1870 च्या दशकात ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक निघू लागले आणि खेड्यातील शिक्षकाला मराठीत ताजी गोष्ट मिळण्याची सोय झाली. तथापि परक्या चालींवर मराठी मूल डोलत नाही, ही गोष्ट नगरच्या मंडळींना लवकरच उमगली. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पुढे 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी, ज्यांना मराठी रसिक आजही फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात, अभंगाची व भजनाची वाट मंडळ्यांत प्रशस्त केली. ज्या शिक्षकाला टाळ धरता येत होता पण इंग्रजी स्वरलिपी वाचता येत नव्हती, त्याला टिळकांनी एका रात्रीत कुशल शिक्षक करून टाकले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. याच सुमारास, 1899-1900 च्या दुष्काळात, शेकडो अनाथ मुले मिशनच्या आवारांत आली. त्यांना सांभाळावयास व शिकवावयास माणसे अपुरी पडू लागली, आणि कालपरवापर्यंत जे विद्यार्थी होते त्यांनाच शिक्षक करावे लागले.

उत्तरेच्या वाटेवरची हकीकत निराळी आहे. नगर जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्या काळी मोगलाई लागे. बीड हा निजामाच्या राज्यातील जिल्हा होता, आणि 1948 च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईपर्यंत तो तसाच राहिला. जालन्यास स्कॉटिश फ्री चर्चचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी काम उभारले. 1843 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण गृहस्थ बहुतांशी मांग-महारांच्या मंडळीचा पाळक झाला, आणि निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती खेडे वसविले. एका मुसलमान दिवाणाने, एका ब्राह्मण ख्रिस्त्याला, अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांच्या वसाहतीसाठी जमीन द्यावी, ही घटना आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ती अधिक ठाऊक व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. मोगलाईत मराठी शाळा विरळ होत्या. दप्तराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. पुढे पुढे तर सभा भरविण्यावर गश्ती निशाण 53 या सरकारी परिपत्रकाचा निर्बंध आला आणि खाजगी शाळांनाही परवान्याची अट पडली. अशा मुलखात ज्या मुलाला सरकारी शाळेचे दार दिसले नाही, त्याला मराठी बाराखडी रविवारच्या शाळेत भेटली असेल तर नवल नाही. आमच्या मावशीची जेमतेम अक्षरओळखही त्याच मार्गाने आलेली होती.

दक्षिणेच्या वाटेने सोलापूर गाठले म्हणजे शिकविण्याच्या पद्धतीतच पालट झालेला दिसतो. तत्पूर्वी पंडिता रमाबाईंनी 1886 नंतरच्या अमेरिकेतील वास्तव्यात फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचा फिलाडेल्फियात अभ्यास केला होता आणि मराठी मुलांसाठी त्या धर्तीची पुस्तके योजिली होती. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मेरी हार्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बालवाडी उभारली आणि बालशिक्षिका तयार करण्याचा वर्ग चालविला. लहान मूल ऐकून शिकते त्याहून अधिक हाताने शिकते, हा विचार तेथून रविवारच्या शाळांत झिरपला. आमच्या मंदिरात एक पसरट पत्र्याची परात होती. तिच्यात ओढ्याची चाळलेली वाळू भरून तयारीच्या सभेत शिक्षक यरुशलेमेची वाट, यार्देन नदी व गालीलाचा समुद्र बोटाने रेखून पाहात. नदीसाठी निळी काच लागे. ती सापडली नाही तेव्हा त्या सातवी उत्तीर्ण मुलीने आपल्या फुटलेल्या बांगडीचे तुकडे ओळीने मांडले, आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी ती नदी इतकी निरखून पाहिली की पाठ तसाच राहिला. पुढच्या शनिवारी सभेत तिला कोणी बोल लावला नाही. नदी अगोदर दाखवू नये, गोष्टीत नदी येईल तेव्हा मांडावी, एवढाच निष्कर्ष निघाला. कोणत्याही अध्यापन-विद्यालयात हाच निष्कर्ष शिकविला जाईल. पण तो ज्याच्या त्याच्या अनुभवातून, शेजारी बसलेल्या माणसाच्या सौम्य शब्दांनी निघाला म्हणजे आयुष्यभर पुरतो.

शास्त्रीय प्रशिक्षणाची मला अवहेलना करावयाची नाही. रविवार शाळा संघाने विसाव्या शतकात ई. ए. ॲनेट यांच्यासारखा बालमानसशास्त्राचा जाणकार या कामी नेमला, शिक्षकांसाठी अभ्यासक्रम व परीक्षा ठरविल्या, आणि निलगिरीतील कुन्नूर हे या प्रशिक्षणाचे केंद्र बनले. वयोमानाप्रमाणे वर्ग पाडावेत, चार वर्षांच्या मुलाला व बारा वर्षांच्या मुलाला एकाच तोंडाने एकच गोष्ट सांगू नये, भय दाखवून धर्म शिकवू नये, हे आज साधे वाटणारे नियम त्या पिढीने कष्टाने रुजविले. परंतु कुन्नूरचे प्रमाणपत्र घेऊन परतलेला शिक्षक ज्या गावी एकटाच राहिला, तेथे दोन-तीन वर्षांत ते शिक्षण विरून गेले, आणि जेथे प्रमाणपत्र कोणापाशीच नव्हते पण शनिवारची सभा अखंड चालली, तेथे शाळाही चालली; निदान माझ्या पाहण्यात तरी असेच आले आहे. मग सभा बंद का पडल्या? मिशनचा पैसा आटला तशी मासिक सभेची रीत सुटली; 1970 च्या नोव्हेंबरात नागपुरास उत्तर भारताच्या मंडळीचे ऐक्य झाले, मोठ्या संस्थांचा कारभार मोठ्या शहरांत एकवटला, आणि मिळकतींच्या तंट्यांना जितका वेळ मिळाला तितका मुलांच्या शिक्षकांना मिळाला नाही. हे लिहिताना मला क्लेश होतात, परंतु ते खरे आहे.

पूर्वेकडील वाट मी शेवटी राखून ठेवली, कारण तिच्यावर कोणतेही मिशन-ठाणे मला दाखवावयाचे नाही. ती अंबाजोगाईस जाते, जेथे मराठीत तत्त्वज्ञान सांगणाऱ्या मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाध्या आहेत. तत्त्वज्ञान लोकांच्या भाषेत सांगितले तरच ते लोकांचे होते, हा धडा बालाघाटाने मिशनरी येण्याच्या कितीतरी शतके आधी घेतला होता. आणि तोच ओळखून फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातील सासष्टीत, नवख्रिस्ती लोकांनी आपल्या जुन्या पुराणांच्या जागी काही मागितले म्हणून, ओवीबद्ध मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचिले, जे 1616 साली राचोलला छापले गेले. आमच्या मंडळीत पुस्तकी मराठीची भीती बाळगणाऱ्या शिक्षकाला म्हातारी माणसे म्हणत, ‘‘घरच्या बोलीत सांग, लेकरांना कळंल.’’ हा सल्ला स्टीफन्सचाच होता, त्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते इतकेच.

परस्पर-साहाय्याचे आणखी एक उदाहरण पश्चिमेच्याच वाटेवरचे, आणि त्या मानाने अलीकडचे. 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले, आणि खेड्यातील अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या स्त्रिया ठराविक दिवशी जामखेडला जमत, आपापल्या गावच्या रोग्यांची हकीकत एकमेकींना सांगत, चुकलेले बोलून दाखवीत, आणि रात्री तेथेच मुक्काम करीत; जुन्या सेविका नव्या आलेल्यांना शिकवीत. या कामाची कीर्ती जगभर गेली व 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ज्या मंडळ्यांनी हे अभिमानाने सांगितले, त्यांनी आपल्याच मुलांच्या शिक्षकांसाठी तीच रीत पुन्हा का उचलली नाही, हे कोडे मला सुटलेले नाही.

आज या डोंगरावरील मुलांच्या शिक्षकापुढील अडचण जुन्यांहून कठीण आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर जातात. मुले बरोबर जातात, आणि पुष्कळदा शिक्षकही जातो, कारण तोही ऊसतोडच करतो. रविवारचे वर्ग चार-पाच महिने ओस पडतात. मग उन्हाळ्यात, माणसे परतली म्हणजे, सुटीतली बायबल शाळा भरते. 1898 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला हा प्रकार आपल्या ऊसतोडीच्या वेळापत्रकाला विलक्षण जुळून आला आहे. तिच्यासाठी एक दिवसाचे प्रशिक्षण होते, छापील पुस्तके मिळतात, आठ-दहा दिवस गाणी घुमतात, आणि मग शिक्षक पुन्हा एकटा पडतो. शिवाय मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी आता कायद्यानेही स्पष्ट झाली आहे; मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या कायद्यानंतर कोणतीही मंडळी, आम्ही सारे एकमेकांस ओळखतो, एवढ्यावर मुले कोणाच्या स्वाधीन करू शकत नाही. ज्याच्या कामाकडे सहकाऱ्यांचे डोळे नियमाने लागलेले असतात, तो शिक्षकही सुरक्षित असतो आणि मुलेही.

म्हणून बीड, पाटोदा, केज व जामखेड या बाजूंच्या मंडळ्यांतील पाळकांना व वडिलांना माझी विनंती आहे. पंथ कोणताही असो, महिन्यातील एक शनिवार आपल्या संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी मोकळा ठेवावा, त्यांचे एस.टी.चे भाडे मंडळीच्या फंडातून द्यावे, आणि त्यांना एकत्र बसू द्यावे. व्याख्याता बोलावू नये, निदान पहिली दोन वर्षे तरी. फडावर गेलेल्या शिक्षकाचा वर्ग कोणी पाहावयाचा हेही त्याच बैठकीत ठरावे. हजेरीची एक वही असावी आणि तिचे शेवटचे पान कोरे ठेवावे. जागेचा प्रश्न फारसा अवघड नाही: चारही वाटांच्या गाड्या मांजरसुंब्याला थांबतात.